लग्न झालं की थांबतं

प्रिय दर्शने,

अक्काचं पत्र बघून दचकू नकोस. तुमच्या साताऱ्याच्या भरती अकॅडमीत मोबाईल फक्त रविवारी हातात देतात, आणि माझा फोन इथं स्वयंपाकघरात, सगळ्यांच्या कानावर पडेल असा वाजतो. म्हणून लिहायला बसले. गोठ्याला लागून एक खोली आहे, तिथं आहे मी. पाळी आली की या घरातल्या सुनेनं इथंच बसायचं, असं आहे. सासूबाई उंबऱ्यावर ताट ठेवून जातात. म्हशी शेपटीनं भिंत झाडत असतात आणि मी पोटाशी उशी आवळून पडलेली असते. आज जरा गोळी लागू पडली आहे, तेवढ्यात लिहून घेते.

तू मैदानावर पळताना कळवळून खाली बसलीस हे आईनं सांगितलं. पळायच्या दिवशी तू काही खातेस का गं? घरी असतानाही सकाळी नुसत्या चहावर बाहेर पडायचीस. आणि दुखायला लागण्याची वाट बघत राहायचीस, मग गोळीसाठी डबे हुडकायचीस. आपण दोघी तशाच. मला आठवतं, तू सातवीत होतीस, पहिल्यांदा पोट धरून माझ्या शेजारी येऊन निजलीस आणि विचारलंस, हे दर महिन्याला होणार का. मी हो म्हणाले आणि तू भिंतीकडं तोंड केलंस. आई चुलीत वीट तापवून फडक्यात गुंडाळून द्यायची. ती वीट आधी ती स्वतःच्या पोटाला लावून बघायची. मला वाटायचं, चटका बसेल का ते बघतेय.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला परीक्षेच्या हॉलमध्ये पडले ते तुला माहीत आहे. त्यानंतर घरात काय झालं ते माहीत नाही, तुला मामाकडं पाठवलं होतं. आत्या आली होती. ती आबांना म्हणाली, "लगीन लावा पोरीचं. नांदायला गेली की पोटातलं समदं थांबतंय." आबांनी मिलिटरीत आयुष्य काढलं, पण लेकीच्या पाळीचा शब्द त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. ज्यात काहीच बोलावं लागत नाही असा इलाज सापडल्यावर त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. ते मी दाराआडून बघितलं. उन्हाळ्यात मी शिराळ्याच्या या घरात आले.

ते थांबलं नाही, दर्शने. वाढलं. इथं त्याला नाटक म्हणतात. नागपंचमीला घर पाहुण्यांनी भरतं, सुनेचे हात मोकळे पाहिजेत, म्हणून सासूबाई दरवर्षी मेडिकलमधून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणतात. यंदाही घेतल्या. आदल्या दिवशी भावाचा उपवास, दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पुरणाची दिंडं उकडत उभी. पाहुणे गेले, गोळ्या बंद केल्या आणि नंतर पाळी आली ती अशी, की शेणाची पाटी घेऊन मी गोठ्यातच कोसळले. तुझ्या दाजींनी, शिवतेजनं, उचलून गाडीत घातलं. इस्लामपूरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीसाठी सांगलीला पाठवलं.

तिथल्या डॉक्टर बाईंनी पहिल्यांदा मला नीट विचारलं. कितव्या वर्षी पाळी आली, सुरुवातीपासून असंच दुखतं का, संडासला बसताना दुखतं का, संबंधाच्या वेळी दुखतं का. शेवटच्या प्रश्नाला शिवतेजनं मान खाली घातली. मग त्यांनी विचारलं, तुमच्या आईलाही असं दुखायचं का? मी नाही म्हणणार होते, आणि मला आईच्या पोटावरची ती वीट दिसली. गर्भाशयाच्या आत असतं तसलं अस्तर माझ्यात बाहेर, अंडाशयावर वाढलंय, तिथं रक्ताची गाठ झालीय, असं त्यांनी कागदावर काढून दाखवलं. लग्नानं जाईल असं सगळे म्हणाले होते, हे मी सांगितल्यावर त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "लग्न म्हणजे औषध नाही. तुम्ही इतकी वर्षं खोटं बोलत नव्हता, हे आधी ऐकून घ्या." मी त्या खुर्चीत रडले. गाठीसाठी नाही गं. कुणीतरी खरं मानलं म्हणून.

दुर्बिणीचं ऑपरेशन करायला सांगितलंय. सासूबाई म्हणतात, "पोटाला ब्लेड लावल्यावर मूल कुठनं व्हायचं?" अजून पाळणा हलला नाही, त्याचं कारण हीच गाठ असू शकते असं बाई म्हणाल्या होत्या, पण ते इथं कोण ऐकणार? आधी दिरांचं लग्न, मग ऊसतोड, मग बघू. शिवतेज वाईट नाही. गोळ्यांचं पाकीट खिडकीतून गुपचूप आत टाकतो. पण आईसमोर त्याचं तोंड उघडत नाही, आणि त्याच्याशिवाय मला सांगलीला कोण नेणार? एकटी एसटीत बसायची परवानगी मला नाही.

सांगलीहून आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला बी असंच व्हायचं. कुणाला सांगणार व्हते?" आणि परवा त्याच आईनं फोनवर सांगितलं की दर्शनी मैदानात पडली, आत्या आली होती, आबांनी ठरवलंय. कराडकडचं स्थळ आहे. दिवाळीच्या पाडव्याला बघायला येणार, पसंत पडली की त्याच दिवशी साखरपुडा. दर्शनीला आधी कळू द्यायचं नाही, सणाला म्हणून बोलवायची. तू पण आग्रह कर, तुझं ती ऐकते, असं मला सांगितलंय. आत्याचा आवाज मागून येत होता, "लगीन झालं की थांबतंय."

म्हणून हे पत्र. दर्शने, दिवाळीला घरी येऊ नकोस. आईचा रडून फोन येईल, तरी येऊ नकोस. सुट्टी नाही म्हण, भरती जवळ आली म्हण. सणाच्या त्या सुट्टीत साताऱ्यातल्या सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टर बाईंना सांग की माझ्या सख्ख्या बहिणीला असं निघालंय, आईलाही दुखायचं. सगळ्याच मुलींचं हे नसतं, पुष्कळ जणींचं साधं दुखणं असतं, उपाशीपोटी आणि काळजीनं वाढतं, वेळेवर गोळीनं आटोक्यात येतं. तुझं तसंच असू दे. पण बहिणीला असल्यावर अंगावर काढायचं नाही, असं सांगलीच्या बाईंनी मला बजावून सांगितलंय. गावची आशा सेविका हरणाबाई मघाशी खिडकीशी आली होती. हे पत्र शिराळ्याच्या पोस्टात टाकते म्हणाली आहे. घरचे मला विचारतील तेव्हा मी सांगेन, बोलावलं होतं, ती आली नाही. त्यावर माझं काय व्हायचं ते होईल. मला इथून निघता येत नाही. तू इकडं येऊ नकोस.

तुझीच,
तुला येऊ नको म्हणणारी
अक्का