कोणत्या बाजूला दुखतंय

प्रिय विनार,

परवा तुला फोनवर सांगितलं, आईचं डोकं दुखत होतं, आता बरी आहे. त्या डोकेदुखीवर आमचा झालेला खर्च असा: बोटभर आलं, वाटीभर खोबरेल, सुमिनीकाकूंचा अर्धा दिवस आणि एक जुनं नाणं, तेही झिजलं असेल तेवढंच. एवढ्यात भागलं असं आम्ही समजलो होतो. खरा खर्च निराळा आहे, आणि तो तुला कळू द्यायचा नाही असं तुझ्या आईनं मला बजावलंय. तरी लिहितोय. पत्र घेऊन आलेल्या कास्तोला आत बसव, पाणी दे. बिचारा जन्मात पहिल्यांदा विमानात बसलाय. पण पत्र शेवटपर्यंत वाच, मधेच ठेवून देऊ नकोस.

माझे कान तुला ठाऊक आहेत. आपली बस पुलाच्या वळणाला आली की डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय की उजव्याचं, हे मी ओसरीवर बसून सांगतो, आणि आजवर चुकलेलो नाही. दुसऱ्याच्या बसच्या दाराला लोंबकळणारा पोरगा होतो, आज आपल्या मागेलांग गावच्या स्टँडवर माझ्या गाड्यांना जागा पुरत नाही, ते या कानांच्या जोरावर. ड्रायव्हरांची डोकीही मी तशीच ओळखायचो. नुसतं कण्हणं ऐकलं की पुरे. रमजानच्या रोजांच्या पहिल्या दुपारी अख्खं गॅरेज कपाळ धरून बसतं, ते कॉफी न मिळाल्यानं, सूर्य मावळल्यावर पहिल्या पेल्याला थांबतं. डोक्याला फडकं करकचून आवळल्यासारखं वाटतं म्हणणारा स्टिअरिंगवर वाकून बसणारा असतो, त्याच्या मानेला गरम शेक द्यायचा आणि सीट सरळ करायची. नमाजात कपाळ टेकवताना ज्याचा चेहरा जड होतो त्याची सर्दी आत साचलेली, त्याला वाफ. एक जण रोज डोकेदुखीची पुडी खायचा, शेवटी त्या पुडीनंच त्याचं डोकं दुखायला लागलं. मी पुड्या बंद करायला लावल्या, पंधरा दिवस मला शिव्या घालत होता, मग हसत आला. आणि हा कास्तो, याचं अर्धंच डोकं ठणकतं, आधी डोळ्यांपुढे नागमोडी रेघा नाचतात, मग चमचा पडला तरी ओरडतो. त्याला वेळेवर गोळी देऊन अंधाऱ्या खोलीत निजवलं की उठतो ताजातवाना. ‘मालक, तुम्ही डॉक्टर व्हायला हवं होतं,’ म्हणतो. मी म्हणतो, मग तुला पगार कुणी दिला असता?

शनिवारी दुपारी तुझी आई स्वयंपाकघरातून येऊन आडवी झाली. डोकं दुखतंय म्हणाली आणि पाठोपाठ उलटी. सुमिनीकाकू कुंपणापलीकडूनच म्हणाल्या, ‘अगो, वारा शिरलाय अंगात, दुसरं काय! परवा ओल्या केसांनी लग्नाला गेलीस ना मिरवायला?’ कुणाला शंकाच आली नाही. आपल्याकडे डोकं आणि उलटी एकत्र आली म्हणजे वारा, एवढं तर लहान पोरही सांगेल. काकूंनी पाठीला तेल चोळून नाण्याची कड घासत फिरवली, पट्टे असे लालभडक उठले की त्या खूश. ‘बघा, केवढा वारा निघतोय!’ संध्याकाळी आई मला म्हणाली, ‘अहो, अंगणातल्या दिव्याभोवती रंगीत कडी दिसताहेत.’ मी काय म्हटलं असेन? म्हटलं, घरबसल्या इंद्रधनुष्य, तिकीट लावू या. ती हसली नाही. मग मला कास्तो आठवला. मी खिडक्या लावल्या, पडदे ओढले, दिवा घालवला, तिच्या कपाळावरून डोळ्यांपर्यंत ओढणी बांधली आणि कुणी बोलू नका म्हणून दाराशी पहारा दिला. मला वाटलं, किती जपतोय मी हिला.

दुसऱ्या दिवशी तिला आल्याचा चहा नेऊन दिला. ओढणी सरकवून तिनं हात पुढे केला, तो पेल्याच्या शेजारी, नुसत्या हवेत. मग पेला पडला. तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही. स्टँडवरची भरलेली गाडी मी रिकामी केली आणि तिला त्याच गाडीतून मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तुझ्याच वयाची. आधी पाठ पाहिली. म्हणाली, ‘काका, पाठ छान रंगवलीत. डोळ्यात कुणी पाहिलं का?’ डोळा लाल होता, बाहुली मोठी होऊन तशीच राहिलेली, आणि पापणीवरून हळूच दाबलं तर गोटीसारखा कडक. काचबिंदूचा झटका. ती समजावून सांगत होती. काही जणांचे डोळे पुढून अरुंद असतात, आतलं पाणी निघायची वाट चिंचोळी. अंधारात बाहुली मोठी होते तशी ती वाट आणखी दाटते. कास्तोला जो अंधार बरं करतो, त्यानंच तुझ्या आईचा डोळा आणखी तुंबला. औषधांनी दाब उतरवला, लेझरनं बारीक भोक पाडून वाट मोकळी केली, दुसऱ्या डोळ्यालाही पाडलं, तो शाबूत आहे. पण आजारी डोळ्याला आता उजेड कुठे आहे एवढंच कळतं. पोरी, हा खरा खर्च. घरी आल्यावर ती तांदूळ निवडायला बसते, खडे राहतात, आणि मी ते न बोलता चावतो.

आता उरलेलं. निघताना डॉक्टरीण म्हणाली, हे रक्तात असतं, मुलगी असेल तर तिला ताबडतोब तपासा. मला तुझी आजी आठवली. तिचे डोळे गेले ते आपण म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं. आणि मग तुझा मागच्या महिन्यातला फोन आठवला. ‘बाबा, हल्ली संध्याकाळी भुवईवर जड होतं, मोटरसायकलच्या दिव्यांना गोल गोल कडी दिसतात, झोपलं की जातं. घरी आले की काकूंकडून नाणं फिरवून घेईन.’ मी म्हटलं होतं, अंधार करून पडत जा. विनार, अंधार करून पडू नकोस. सर्दीची गोळीसुद्धा घेऊ नकोस, तिनंही बाहुली मोठी होते. फोनवर सांगितलं असतं तर तू ‘हो बाबा’ म्हणाली असतीस, आणि तुझ्या कुठल्या ‘हो बाबा’चा अर्थ ‘नाही’ असतो ते मला ऐकू येतं. म्हणून कास्तोला पाठवलंय. त्यानं बाहेर रिक्षा थांबवून ठेवलेली असेल. आज शिकवायला येत नाही, हे शाळेला वाटेत कळव. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन दाब मोजून घे, आजच. तू तपासून आल्याशिवाय परत यायचं नाही असं त्याला सांगितलंय, आणि तो तुझ्यापेक्षा हट्टी आहे. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील, कोणत्या बाजूला दुखतं? त्याचं उत्तर तूच दे, कास्तोला बोलू देऊ नकोस. इथे डॉक्टरिणीनं तेच विचारलं तेव्हा तुझ्या आईला बोलवत नव्हतं, म्हणून मी सांगितलं, डाव्या बाजूला.

उजव्या बाजूला दुखत होतं.

तुझाच,
बाबा