काचेवरचे पाय

१९ ऑगस्ट २००६, जाम
घरोघरी ताप. सरकारी दवाखान्याचा डॉक्टर स्वतःच आडवा. आजपासून माझ्या सायबर कॅफेतून वर्ध्याच्या डॉ. बाई रोगी पाहणार, दु. ३ ते ४. चित्र नेटवर, आवाज फोनवर. जोडणी माझी, कोणी शिकवलेली नाही. ट्यूबलाइट रोग्याच्या मागे नको, चेहरा काळा दिसतो. पहिला रोगी गणपतबुवा. सुजलेले पाय स्वच्छ दिसले. फोटो छापून दुकानाच्या काचेवर लावला. खाली नाव, वय, तारीख. लोकांना विश्वास वाटावा म्हणून.

२१ ऑ.
दोनच माणसं आली. बाकी सगळे चौकातल्या बोगस डॉक्टरकडे, बाकावर सलाइन लावून. एकच सुई चौघांना! किळस.
शेजारची कौसल्याबाई म्हणते, "तो नाडी तं धरते. तुयी टीव्हीतली बाई हात लावते काय?"
अडाणी कुठले.

२३ ऑ.
सुनंदाला ताप. माझी बायको, आणि तीही चौकात सुई टोचून आली!
"काऊन?"
"अवो, बुवाचे पाय सारं गाव पाहून राह्यलं. माया फोटोबी लावसान काय काचेवर?"
शास्त्र आहे, म्हटलं. भिंतीकडे तोंड करून झोपली.

२४ ऑ.
तिच्या पोटावर लाल ठिपके. मला दाखवत नाही, कौसल्याबाईकडून कळलं. डॉ. बाई फोनवर: "ठिपके पाहू द्या, मग ठरवू, इकडे आणायचं की नाही. उशीर नको." सुनंदा नाहीच म्हणते.

२५ ऑ.
काचेवरचा कागद ओरबाडून काढला. गणपतबुवा समोरच उभा. "आता काय काढतं गा? साऱ्यायनं पाह्यले." त्याला विचारलंच नव्हतं मी.
दुपारी सुनंदा तयार झाली. अटी तिच्या. शटर खाली, कॅमेरा कौसल्याबाईच्या हातात, मी बाहेर. आधी कॉम्प्युटरमधले रोग्यांचे सगळे फोटो पुसायला लावले. अकरा होते, नाव-तारखेसह लावून ठेवलेले. स्वतःच्याच टापटिपीची घाण वाटली.
"अजून कुठं ठेवले?"
"नाही."
पाहत राहिली माझ्याकडे. मग आत गेली.
पायरीवर बसून लिहितो आहे. आतून कौसल्याबाई, "अजून खाली धरू काय, डाक्टरीनबाई?" वीस मिनिटं झाली.
अकराच्या अकरा फोटोंची फ्लॉपी माझ्या शर्टाच्या खिशात आहे. मोडायला दोन बोटं पुरतील. अजून मोडलेली नाही.