पुरावा नसलेली ओळ

१२ मार्च

प्रिय ताई,

पत्र पोचलं. आम्ही दोघं बरे आहोत. बाबांचा रक्तदाब आटोक्यात आहे. तू एकोणतीसला येतेस म्हणून मागची खोली झाडून ठेवली आहे.

कामाचं विचारलं होतंस. एका जिवाणूच्या सगळ्या जनुकांवरून त्याच्या पेशीत कोणकोणत्या रासायनिक क्रिया चालतात, याचा नकाशा मी संगणकात मांडते. मग एकेक जनुक बंद करून पेशी जगते का, ते पाहते. कधी एखादा दुवाच सापडत नाही आणि पेशी वाढत नाही. तेव्हा अंदाजाने एक क्रिया घालून पुढे जायचं. ते चालतं. फक्त तिच्यापुढे ‘पुरावा नाही’ असं लिहायचं असतं.

एका ठिकाणी मी लिहिलं नाही.

माझा नकाशा म्हणाला, अमुक जनुक बंद केलं तरी पेशी दुसऱ्या वाटेने जगेल. शेजारच्या टेबलावरचे दादा खरे जिवाणू वाढवतात. ते जनुक बंद केलेले जिवाणू त्यांनी बशांत पेरले; पाचही वेळा बशा कोऱ्या राहिल्या, काहीच वाढलं नाही. दोन महिने ते स्वतःच्या हाताला दोष देत होते. सोमवारी मी तपासलं. ती दुसरी वाट मीच घातलेली होती. सांगितलं, तर म्हणाले, “थाप मारायचीच होती, तर निदान खूण तरी करायचीस गं बाई!” आणि हात धुवायला गेले.

आता मुद्द्याचं. गेली सहा वर्षं माझ्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ असते: ‘बाबा तुझी आठवण काढतात.’ त्यांनी ती कधीच काढली नाही. तू भांडून गेलीस, त्या दिवसापासून तुझं नावही घेतलेलं नाही. ती ओळ नसती तर तू पत्रं थांबवली असतीस, असा माझा अंदाज होता. आता तू त्याच ओळीवर विसंबून येते आहेस. तिकीट रद्द करायचं असेल, तर पंचवीसपर्यंत वेळ आहे.

तू येणार, हे बाबांना काल सांगितलं. ते पेपर वाचत होते. पेपर बाजूला ठेवून म्हणाले, “पुढच्या दाराची कडी घट्ट बसलीय. तिच्याने निघायची नाही. तेल घाल.”

एवढंच. शब्द त्यांचेच आहेत, मी मधे काही भरलेलं नाही.

तेल घातलं आहे.

तुझी,
धाकटी