दुसऱ्यांदा दिसलेला मासा

ठाणे, ता. ४ ऑक्टोबर १९५३

चि. उत्तरा हिस हरिहरदादाचे अ. आ. वि. वि.

शहाडची मंडळी परवा पुन्हा येऊन गेली. गुरुदत्तला तुझी नोकरी चालेल, पण लग्न मार्गशीर्षातच हवं म्हणतात. तू दिवाळीला येतेस ना, की मंडपमच्या संशोधन केंद्रातले मासे रजा देत नाहीत? पोस्टमन दिसला की आई हातातलं टाकून दारात जाते. लवकर कळव.

घरची माया तुझ्यामागे आहेच.
दादा

मंडपम, ता. १३ ऑक्टोबर

ती. दादास उत्तराचा सा. न. वि. वि.

दिवाळीला येणं जमत नाही. रागावू नकोस. इथल्या पोवळ्यांच्या खडकात आम्ही पिंजरे टाकतो. चारसहा जातींच्या माशांनीच टोपली भरते. बाकीच्या कितीतरी जाती एकदा दिसतात नि पुन्हा नाहीत. साहेब म्हणतात, ते वाट चुकून आलेले, तक्त्यातून काढून टाका. मला वाटतं ते इथलेच, फक्त थोडे. पिवळ्या शेपटीचा एक काळा मासा असाच एकदा मिळाला. तो फॉर्मलिनच्या बाटलीत ठेवलाय. संक्रांतीनंतर चुनाभट्टीसाठी हा खडक फोडणार आहेत. तसाच दुसरा मिळाला, तर फोडणं थांबवा म्हणून साहेब वर लिहितील. शहाडच्यांना उन्हाळ्यापर्यंत थांबायला सांगशील?

आईस सा. न. माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.
उत्तरा

ठाणे, ता. ६ डिसेंबर

चि. उत्तरास अ. आ.

शहाडचे थांबले नाहीत. गुरुदत्तचं कल्याणच्या मुलीशी ठरलं. तो स्वतः सांगायला आला होता बिचारा. आई धड जेवत नाही. काल एकाएकी म्हणाली, तिला विचार, तो मासा पुन्हा सापडला तर त्यालाही बाटलीत घालणार का? मुळात थोडे, तर मागे उरणार किती? तूच लिही तिला.

प्रकृतीला जप, आम्हांला विसरू नकोस.
दादा

मंडपम, ता. ९ फेब्रुवारी १९५४

ती. आईस सा. न. वि. वि.

आई, मासा सापडला. त्याच कपारीपाशी. बादलीत गोल गोल फिरत होता. मी बाटलीचं बूच काढलंसुद्धा होतं. मग तुझं बोलणं आठवलं नि मी बादली समुद्रात उपडी केली.

साहेब म्हणाले, दाखवायला मासा नाही, तर तक्त्यात नोंद नाही. ते वर काही लिहिणार नाहीत. पहारी घेऊन माणसं किनाऱ्यावर उतरली आहेत. तो बाटलीत असता तर खडक वाचला असता, असं सारखं मनात येतं. मग वाटतं, त्याला मारून वाचवायचं तरी कुणाला? जेवायला बसते नि तशीच उठते. दादा काय म्हणेल ते ठाऊक आहे. तू सांग, मी बरोबर केलं का? चार ओळी का होईना, पण तुझ्या हातच्या येऊ देत.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
उत्तरा