विहाराला जाणकार हवा

२ मार्च २०२५
ठरलं. विहार पाडायचा! बाबासाहेबांची जयंती झाली की जेसीबी. समितीचा अध्यक्ष लटारूभाऊ, म्हणजे माझाच सख्खा मोठा भाऊ. 'भिंती ओल्या, पोपडे पडून राह्यले. किती दिवस असं? स्लॅबचा हॉल बांधू, टाइल्स लावू.' टाळ्या!

मी एकटी उभी राहिले. सत्तावन्न साली आमच्या वडिलांनी आणि वस्तीनं बांधलाय तो. दिवसभर दुसऱ्याच्या धानात राबायचे आणि सांजेला चुन्यात विटा रचायचे. भाऊ म्हणाला, 'जयंतीपर्यंत शिकलेला मानूस आन, जो म्हनन का हा विहार वाचते. मंग पाहू.' आणते!

९ मार्च
तालुक्याच्या गावाहून, मूलहून, इंजिनिअर आले. मोटरसायकलवरून उतरलेसुद्धा नाहीत. 'पाडा.'

१५ मार्च
नागपूरच्या आर्किटेक्टना फोन. जुन्या इमारतींचीच कामं करतात म्हणे. 'सत्तावन्न म्हणजे नुसतं जुनं बांधकाम, मॅडम. वारसा नाही.' गोंडराजाच्या किल्ल्याचा दरवाजा असता तर धावत आला असता! रागाच्या भरात वरणाची फोडणी करपवली.

२६ मार्च
शाळेतल्या मयुरी मॅडमनं एक नंबर दिला. संघप्रिया, बल्लारपूरची. जुन्या इमारती सांभाळायचंच शिक्षण घेतलंय तिनं. येते म्हणाली!

६ एप्रिल
आली. भिंती बोटांनी वाजवल्या, सुरीनं रंग खरवडला. 'ताई, ऑइलपेंट काऊन मारता?'

दर जयंतीला मारतो, म्हटलं. चकाचक दिसावं म्हणून.

'त्यानंच घात केला. चुन्याची भिंत आहे. पावसाचं पाणी आत जाते, पन बाहेर पडाले जागाच नाई.'

इतकी वर्षं वर्गणी काढून, हौसेनं आम्ही आमचाच विहार कुजवत होतो! डोळ्यांत पाणी आलं. 'वाचते का?' 'वाचते. रंग काढू, चुना लावू.' मी तिला मिठीच मारणार होते.

मग ती शिडीवर चढली. छप्पर तोलणाऱ्या आढ्याचं टोक जिथं भिंतीत बसतं तिथं सुरी खुपसली. मुठीपर्यंत आत गेली! खाली उतरली ती गंभीर होऊन. 'हे लाकूड बदलवा लागन. तोवर आत कोनाले बसू नका देऊ. जयंतीलेबी नाई. लिहून देऊ?'

'नको,' मी म्हणाले. पटकन.

८ एप्रिल
कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं तर भाऊ म्हणणार, तूनंच आनलेली बाई म्हन्ते धोक्याचं आहे, मंग पाडा! नाही सांगितलं तर जयंतीला सगळी वस्ती त्या आढ्याखाली बसणार. इकडे आड, तिकडे विहीर. संघप्रियाचा फोन आला. उचलला नाही.

१० एप्रिल
संध्याकाळी वंदनेला गेले, तर आत पोरी जयंतीचा नाच बसवत होत्या. ठेका धरून पाय आपटत होत्या — बरोबर आढ्याखाली! ओरडून सगळ्यांना बाहेर काढलं. कुलूप घातलं.

तशीच भावाकडे गेले. सगळं सांगितलं — ऑइलपेंट, सुरी, 'वाचते' म्हणाली तेही. भाऊ हसला नाही, रागावला नाही. हात पुढे केला. मी किल्ली दिली.

घरी येऊन रडले. भावाचा राग आला, त्या संघप्रियाचा जास्त. माझ्या बाजूनं बोलायला आणली होती ना तिला! पायावर धोंडा मारून घेतला मी.

१४ एप्रिल
जयंती बाहेर, मांडवात. म्हाताऱ्या गिरजाबाईनं गाठलंच. 'इंदू, मी लहान होती तवा डोक्यावर विटा वाहिल्या. अन् आता मीच बाहेर?' तिला हाताला धरून पुढच्या खुर्चीवर बसवलं. मांडवामागे भाऊ जेसीबीवाल्याशी बोलत होता. भीमगीतं चालू होती, मला एकही ऐकू आलं नाही.

१६ एप्रिल
सकाळी भाऊ दारात. चहा नको म्हणाला.

'जेसीबीवाल्याले नाई म्हनून आलो. त्या पोरीले बोलाव.'

मी फोन हातात घेतला.

'मले वाटलं, तू आपल्या बाजूनं बोलनारं कोनी धरून आनशीन. पन तिनं तुयासाठीबी खोटं नाई सांगतलं. ती वाचते म्हन्ते ना? मंग वाचते.'