पाचव्या मुलीचं नाव

स्टुटगार्ट, १० मे १९६४

ती. स्तामाताताईस थिमिओसचा सा. नमस्कार.

पुन्हा तेच! प्रत्येक पत्रात आपलं 'नाही'. अगं, माझ्या पोरीची नोना, धर्माची आई व्हायला तुला एवढं जड का जातंय? देवळात बाप्तिस्म्याच्या कुंडातून तिला उचलून तू घ्यायची आणि पाद्र्याने विचारलं की नाव तू सांगायचं. नाव ठेवायचं ते तुझंच, स्तामाता. पहिला हक्क आजीच्या नावाचा, ठाऊक आहे. आईची समजूत मी काढतो. चार मुलींवर पाचवी तू झालीस. बाबांनी नाव ठेवलं स्तामाता, म्हणजे थांब. मुली थांबल्या, मी आलो. त्या नावाचे उपकार विसरू कसा? मला पाठीशी बांधून शेळ्या राखल्यास त्या तूच ना? उगाच भाव खाऊ नकोस.

तूच लाडावून ठेवलेला,
थिमिओस

घरून, ग्रीस, २ जून

चि. थिमिओस यास उदंड आशीर्वाद.

काल बाप्तिस्मा झाला. तुझ्या बायकोने, वासोने रडून गळ घातली, म्हणून नोना मीच झाले. आता रागावायचं तर खुशाल रागाव. माझ्या वेळी आई रिवाजाप्रमाणे घरीच थांबली होती. गावची पोरं नाव ओरडत धावत आली. आईने त्यांच्या हातावर नाणी ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. तू आलास हे माझं भाग्यच, पण जन्मभर जो तो मला हाक मारताना 'पुरे' म्हणतो, रे. तुझ्या पहिल्याच लेकीला मी तसं म्हणू?

पाद्र्याने विचारलं, मी म्हटलं, पोलितिमी. फार मोलाची. तो म्हणाला, अगं, स्तामाता ठरलं होतं ना? मी म्हटलं, पाणी निवतंय, उरका. पोरं धावली. वासोने नाव ऐकून खिसा त्यांच्यापुढे रिकामा केला. आई मात्र फुगून बसली आहे.

तुझी,
ताई

स्टुटगार्ट, १४ जून

ती. ताईस सा. नमस्कार.

तुझं पत्र कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं. पाव तसाच राहिला. मी आपला नावाचे आभार मानत बसलो आणि तुझे राहूनच गेले. माझं ऐकलं नाहीस ते फार बरं केलंस. शेजारच्या खाटेवरचा स्पिरोस म्हणतो, एवढीशी पोर आणि केवढं नाव! मी म्हटलं, पेलेल, तिची नोना तू पाहिली नाहीस. आईला सांग, दुसरी मुलगी झाली की तिला आईचंच नाव ठेवू. आणि ती आम्हाला हवीच आहे.

तू आपल्या हुंड्याचा गालिचा विकून माझं तिकीट काढलंस. ती माया फिटायची नाही, फेडायचीही नाही. आहे तशीच राहू दे.

तुझा,
थिमिओस

ता. क. तुझ्या नावाने दीडशे मार्कांची मनीऑर्डर केली आहे. घरखर्चात घालशील तर खबरदार. स्वतःला चांगल्या कापडाचा झगा शिव, लाल शिव.