कापसाच्या घरातले मोजे

प्रिय वर्षाली,

फोन करता आला असता. पण फोनवर मी बोलायला लागले की तू 'हो आई, बरं आई' करून मला गुंडाळतेस, आणि हे गुंडाळण्यासारखं प्रकरण नाही. तेव्हा निमूट बस आणि शेवटपर्यंत वाच. मधूनच शेवटाकडे उडी मारलीस तर गाठ माझ्याशी आहे.

भाऊबीजेला म्हणून आर्वीला गेलीस आणि तिथूनच बसने सावंगीला दवाखान्यात ड्युटीला जाऊ लागलीस. शेजारच्या कौशल्याबाईला मी थाप मारते की तुझ्या माहेरी आईला बरं नाही. खरं काय ते आपल्याला ठाऊक. दिवाळीच्या जेवणावर तू उत्तराखंडातल्या त्या बर्फाच्या डोंगराचं नाव काढलंस आणि तुझे मामाजी, आमचे हे, ताटावरूनच म्हणाले, "सुनेनं घर पाहावं का पहाड?" अंकुश बापापुढे नेहमीसारखा पोळीकडे बघत बसला. सासरा आणि नवरा राहू दे, मी कोणता दिवा लावला? मी भाजी वाढत राहिले. त्याची मला अजून लाज वाटते. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं गं. तू फक्त पाठीवरची बॅग झटकलीस आणि माळ्यावर टाकून दिलीस. महिन्याच्या महिन्याला डोंगर चढणारी पोर तू, आणि बॅग माळ्यावर!

तू गेल्याच्या नवव्या दिवशी मला राहवेना. तुमच्या ग्रुपच्या पियुषला फोन लावला. तो म्हणाला, काकू, वर्षालीताईंनी नाव मागे घेतलंय, पण मी त्यांची जागा रविवारपर्यंत कोणाला देत नाही. रविवारला सहा दिवस होते. मी तिथंच ठरवलं, सून जाईल. कशी, ते मलाही ठाऊक नव्हतं. म्हटलं, आधी सामान आणू. लग्नातसुद्धा आपण आधी साड्या घेतो, मग लोकांचे रुसवे काढतो.

पण उपयोगाची भेट म्हणजे काय, हे मला कुठं कळतं? मागच्या वाढदिवसाला मी तुला डोंगरावर न्यायला स्टीलचा चार पुडांचा डबा दिला होता. तू गोड हसून घेतलास, एकदा नेलास आणि परत त्याचं नाव काढलं नाहीस. पियुष म्हणाला, काकू, सगळं पाठीवर न्यावं लागतं, हलकं तेच कामाचं. मग वेचणीचा कापूस मोजायचा टांगता काटा मी छपरीच्या लाकडी बल्लीला अडकवला आणि त्याला तो डबा लावला. रिकामाच दीड किलो! त्या चढावर मला मनातल्या मनात किती शिव्या दिल्या असशील, बाई. दे, दे. हक्क आहे तुझा.

मग वर्ध्याला जाऊन बूट पाहिले. आपल्या दोघींचा पाय एकच, पाच नंबर, अंगणात एकमेकींच्या चपला घालून फिरतो. म्हणून पाचचे मागितले, पायात घातले आणि दुकानाचा जिना उतरून पाहिला. अंगठा पुढे आपटला. पुन्हा वर गेले, सहाचे घातले, पुन्हा उतरले. मग जाड मोजा घालून उतरले. असं बारा वेळा झालं. दुकानदार वैतागून म्हणाला, बाई, बूट घ्यायचेत का जिना झिजवायचाय? मी म्हटलं, "माही सून पहाडावरून उतरणार हाये भाऊ, तुमच्या जिन्यावरून नाई." सहाचे घेतले. चढताना सगळेच चपळ असतात, पाय उतरतानाच फसवतो.

आणि मोजे मी मोठ्या तोऱ्यात घेतले. शुद्ध सुती, सहा जोड. आपण कापसाच्या घरचे, दुसरं काय घेणार? वर्ध्यातच पियुषला दाखवले, तर त्यानं कपाळाला हात लावला. म्हणे, काकू, सुती सोडून काहीही चालेल. सूत ओलं झालं की वाळत नाही, पायाला फोड येतात, बर्फात तर बोटं गारठून जातात. त्यानं लोकरीच्या खास मोज्यांचा एक जोड मला दाखवायला दिला. मी घरी येऊन हे सांगितलं मात्र, तुझ्या मामाजींचा भडका उडाला. "चाळीस वर्षं कापूस पिकवला, अन् आता थोच आमच्या सुनेले चालत नाई?" आमच्या सुनेले! ऐकलंस ना? दोन आठवड्यांत पहिल्यांदा तुझा विषय त्यांच्या तोंडी आला, आणि तो असा. मी ते शब्द तिथंच पकडले. म्हटलं, लावा पैज. मी एका पायात सुती मोजा घालते, दुसऱ्यात लोकरी. सुती जिंकला तर या घरात पहाडाचं नाव निघणार नाही. हरला तर वर्षाली जाईल. ते म्हणाले, मंजूर.

खरं सांगू? तुझा डोंगर मी माझ्या एकसष्ट वर्षांच्या टाचेवर लावला होता.

गुरुवारी सकाळी धाम नदीच्या घाटावर दोन्ही पाय मोज्यांसकट बुडवले आणि अंकुशचे जुने बूट चढवले. तुझी बॅग माळ्यावरून काढून तिच्यात नऊ किलो तुरीची डाळ भरली आणि निघाले, पवनारहून थेट वर्ध्याच्या हनुमान टेकडीवर, पायी! हे मागून गाडीवर, तमाशा पाहायला. स्टॉपवर कौशल्याबाई ओरडली, "काऊन वो आनंदाबाई, बस चुकली का?" म्हटलं, "नाई वो, सून चालली पहाडाले, मी रस्ता पाहून राह्यली." अर्ध्या वाटेत डावी टाच जळायला लागली. डावा म्हणजे सुती! वर्षाली, टाच दुखल्याचा आनंद मला जन्मात पहिल्यांदा झाला. मी आणखी जोरात चालले.

टेकडीचा चढ यांनाही पायीच चढावा लागला. वर जाऊन मी दगडावर बसले आणि दोन्ही मोजे काढून त्यांच्यापुढे पाय पसरले. डाव्या टाचेला बोराएवढा फोड. उजवा पाय धड. हातच्या काकणाला आरसा कशाला? हे खाली पसरलेल्या गावाकडे, शेतांकडे वळून बघू लागले. मग म्हणाले, "इथूनच लागला वाट्टे तिले हा नाद." आणि बॅग उचलून आपल्याच पाठीला लावली. दहा पावलांवर म्हणतात, लय जड हाये. मी म्हटलं, मग! आपली पोर असंच घेऊन चढते.

जिंकले गं मी! आपण जिंकलो! शुक्रवारी हे स्वतःच वर्ध्याला जाऊन लोकरी मोज्यांचे तीन जोड, डोक्याला बांधायची बॅटरी, शिट्टी आणि हलका रेनकोट घेऊन आले. संध्याकाळी वेचणाऱ्या बायांचा कापूस मोजून झाला की त्याच काट्याला एकेक वस्तू लावून बघत होते. पियुषलाही यांनीच फोन केला, "आमची सून येऊन राह्यली, जागा पक्की करा." काल दिवसभर छपरीत बसून बांबूची काठी तासली. मुठीला आपल्याच शेतातल्या कापसाचा दोर वळून गच्च गुंडाळला. म्हणाले, एवढा कापूस तरी पहाडात जाऊ दे. काठी लावली तर काटा जागचा हललासुद्धा नाही.

आता हे पत्र कशाला, ते सांगते. सामान पोस्टानं येत नाही आहे. ते खांद्याला लावून जो माणूस आर्वीच्या बसमधून उतरला आणि ज्यानं तुझ्या हातात हे पत्र दिलं, तो आता तुमच्या दारात उभा असेल. न बोलावता सुनेच्या माहेरी जायची त्यांची ही पहिलीच वेळ. चुकलो म्हणायला त्यांना येत नाही, बेचाळीस वर्षांत मीही कधी ऐकलं नाही. निघायचं ठरल्यावर तेवढंच म्हणाले, "मले बोलता नाई येणार, तू लिहून दे." म्हणून लिहिलं. आता वर बघ. आत घे त्यांना, चहा टाक, आणि काठी हातात धरून दाखव.

तुझीच,
आई